सात सीड्यांची माळ

“सात झाल्या. मोज हवं तर.”

अण्णासाहेब मगदुमांनी मला स्टुडिओच्या उंबऱ्यातच थांबवलं आणि वर बोट केलं. दाराच्या चौकटीला, लोक जिथं लिंबू-मिरची बांधतात तिथं, खिळ्याला एक माळ टांगली होती. मांडवाच्या सुतळीत ओवलेल्या सीड्या. वाऱ्यानं त्या हळूहळू फिरत होत्या आणि समोरच्या भिंतीवर उन्हाचे गोल कवडसे नाचवत होत्या. दिसायला छानच होतं ते. तसं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं, पण अण्णांचा चेहरा बघून मिटलं.

“ही आमच्या त्रिशलाची कमाई,” ते म्हणाले. “म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी.”

ही गोष्ट दोन हजार पाच सालच्या एप्रिलमधली, आष्ट्याची. लगीनसराई भरात होती आणि अण्णांच्या ‘पद्मावती व्हिडिओ’कडे पंचक्रोशीतली लग्नं होती. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सांगलीत एका उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून नुकताच स्वतंत्र झालो होतो. दुकान नव्हतं. एक पिशवी, दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि तोंडात इंग्रजी शब्द एवढ्या भांडवलावर मी गावोगाव फिरायचो. झाकण उघडून मशिनच्या पोटात हात घालणारा माणूस म्हणून लोक मला ‘अहो-जाहो’ करायचे, आणि त्या ‘अहो-जाहो’नं मी चांगलाच फुगलो होतो.

“आता काय दुरुस्त करायचं?” मी विचारलं.

“काही न्हाई. मशिनला कुलूप घालायचं. ते अक्षरांचं असतंय बघ, तसलं. माझ्याशिवाय कुणाला उघडता येता कामा नये.”

कुणाला म्हणजे कुणाला, ते विचारायची गरज नव्हती. त्रिशला ही अण्णांची एकुलती एक लेक. निपाणीकडं दिली होती. दोन वर्षं सासरी राहून दिवाळीला म्हणून माहेरी आली आणि परत गेलीच नाही. मारहाण नाही, दारू नाही, हुंड्याचं काही नाही, त्यामुळं गावाला सांगायला कारणही नाही. “दोन वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला तेवढं एका सीडीवर घातलं तर सीडी कोरीच राहील,” एवढंच एकदा ती मला म्हणाली होती. अण्णांनी पोरीला घरात घेतलं, पण लोकांना काय सांगायचं हे त्यांना सुचेना. मग त्यांनीच एक तोड काढली. स्टुडिओत कॉम्प्युटर घेतला होता, तो शिकायला त्यांचे डोळे आणि धीर दोन्ही पुरेनात. तिथं तिला बसवली. ‘पोरगी धंद्यात मदत करतीय’ हे सांगायला बरं पडत होतं. आणि ती खरंच शिकली. लग्नाची तीन तासांची कॅसेट कापून, वर गाणी चढवून, सुबक सीडी करायला ती पौषापर्यंत तरबेज झाली होती.

मग फेब्रुवारीच्या शेवटी सीड्या बिघडायला लागल्या.

“कारंदवाडीच्या लग्नाचं काय झालं ऐकलंस?” अण्णांनी आवाज खाली आणला. “तीस माणसं बसलीती बघायला. भाड्यानं प्लेअर आणलावता. आंतरपाट धरलाय, मंगलाष्टका चाललीय, भटजी ‘सावधान’ म्हणतोय, आणि चित्र तिथंच अडकलं. पुढं सरकंना. नवऱ्या मुलाची आजी म्हणाली, कुणाचा हात लागलाय रं ह्या सीडीला? आणि कुणीतरी सांगितलं तिला, कुणाचा ते.”

मी वर त्या माळेकडं बघितलं.

“तवापास्नं दोन पार्ट्यांनी निरोप धाडलाय. काम तुमच्याकडंच देतो, पण पोरीचा हात लागू देऊ नका म्हणून.” अण्णांनी धोतराचा सोगा सारखा केला. “मी असलं काही मानत न्हाई, उत्तमराव. पण लोक मानत्यात. सोमवारी निपाणीची माणसं यायचीत तिला न्यायला. या म्हणून सांगितलंय मी.”

आज शनिवार होता.

मी आत जाऊन खुर्चीवर बसलो. मागच्या दारातून त्रिशला ताकाचा पेला घेऊन आली. वडिलांचं बोलणं तिनं ऐकलेलं असणार, चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. पेला माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, “उत्तमदादा, कुलूप घालायचं तर घाला. पण त्याआधी एकदा मशिन बघा तरी.”

“बघायचंय काय त्यात?” अण्णा दारातून म्हणाले. “मशिन तेच, सीड्या त्याच. बदलला तो हात.”

“हात बदलला दिवाळीनंतर,” ती म्हणाली. “सीड्या बिघडल्या फेब्रुवारीत. मधल्या तीन महिन्यांच्या सीड्या कुणी केल्या?”

“तवा मी शेजारी बसत होतो!”

अण्णा शेजारी बसून पेंगायचे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिनं फळीवरची एक शंभरपानी वही काढली आणि माझ्यासमोर उघडली. तिला नोंदी ठेवायची सवय होती. प्रत्येक सीडीला तिनं एक ओळ दिली होती. तारीख, लग्न कुणाचं, ड्राइव्हमध्ये सीडी घातली किती वाजता, बाहेर आली किती वाजता. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आठ मिनिटं, नऊ मिनिटं, आठ मिनिटं. मग एकदम पस्तीस. चाळीस. त्रेचाळीस. त्यापुढं काही ओळींवर फुली.

“ड्राइव्ह दमला असंल,” अण्णा म्हणाले.

“छे!” मी ठासून सांगितलं. “ड्राइव्ह कोरा करकरीत आहे. फेब्रुवारीत मीच तर बसवला.”

हे वाक्य बोललो तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. माणूस स्वतःच्या पायाखाली सहसा बघत नाही. त्रिशलानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर वहीत घातली.

मी मशिन सुरू केलं आणि आतल्या याद्या उघडल्या. कुठला भाग कुठल्या रस्त्यानं माहिती नेतो हे तिथं लिहिलेलं असतं. हार्ड डिस्कचा रस्ता ठीक होता. ड्राइव्हचा रस्ता बघितला आणि मी शीळ घातली.

“काय झालं?” दोघांनी एकदम विचारलं.

“डीएमए गेलाय. पीआयओवर पडलाय.”

“मराठीत सांग,” अण्णा म्हणाले.

मी जरा विचार केला. “अण्णा, लग्नातली पंगत घ्या. आचारी मागं बुंदी काढतोय. वाढपी परात घेऊन थेट पंगतीत वाढतायत. यजमान मांडवात मोकळा, पाव्हण्यांशी बोलतोय. हे डीएमए. आता समजा यजमान म्हणाला, माझा कुणावर भरवसा नाही. प्रत्येक लाडू मी स्वतः आचाऱ्याकडनं घेणार आणि स्वतः पानात वाढणार. पंगत उठंल कधी?”

“दुसऱ्या दिवशी,” अण्णा म्हणाले.

“हे पीआयओ. तुमच्या मशिनचा यजमान सध्या एकेक लाडू वाहतोय. म्हणून आठ मिनिटांची चाळीस झाली. आणि घाईत लाडू खाली पडतायत ते वेगळंच. त्या ह्या सीड्या.” मी दाराकडं बोट केलं.

“पण आधी वाढपी होते की,” त्रिशला म्हणाली. “काढले कुणी?”

“विंडोजनंच. तिचा स्वभाव आहे तो. वाटेत माल सांडला की ती मोजत बसते. सहादा सांडला की एक पायरी खाली उतरवते. परत सहादा, आणखी एक पायरी. असं करत पार तळाला. आणि मग तो कितीही सरळ चालला तरी आपण होऊन वर चढवत नाही.”

“कधीच?”

“कधीच. कुणीतरी बसून जुनी नोंद पुसावी लागते. मग ती परत पहिल्यासारखं वागवते.”

त्रिशला हसली. त्या दुपारी ती हसलेली तेवढीच. “चांगलंय की,” ती म्हणाली. “मशिनची नोंद निदान पुसता तरी येते.”

अण्णा खाकरले. मग पुढं येऊन त्यांनी मुद्द्याचं विचारलं. अण्णा अडाणी दिसायचे, पण अडाणी मुळीच नव्हते. “वाटंत माल सांडला म्हणतोस. सांडला का पण?”

“बघू या,” म्हणत मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि डब्याचं झाकण उतरवलं. ड्राइव्हपासून मदरबोर्डापर्यंत एक चपटी, राखाडी, तीन बोटं रुंद पट्टी जाते. तिलाच केबल म्हणायचं. माहिती जायची ती तिच्यातून. मी ती उलटी केली. टोकाला, काळ्या प्लगवर, लाल तेलरंगाचा एक ठिपका होता.

मी ती मुठीत धरली.

हा ठिपका माझा. माझे वडील सुतार. त्यांच्या प्रत्येक हत्यारावर असाच लाल ठिपका असायचा, पटाशीपासून रंध्यापर्यंत, कामावर दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. मी त्यांच्याकडून लाकूडकाम उचललं नाही, ठिपका तेवढा उचलला. मी तो जुन्या केबलींवर द्यायचो, नव्या-जुन्यांची पिशवीत गल्लत होऊ नये म्हणून. आणि जुन्या केबली पिशवीत का असायच्या? तर उस्तादाची शिकवण. “नवं पिशवीत, जुनं मशिनमध्ये,” तो म्हणायचा. गिऱ्हाईक नवा ड्राइव्ह घेतो, त्याच्या खोक्यात नवी केबल येते. ती काढून ठेवायची. गिऱ्हाइकाच्या पोटात कुणाची तरी जुनी जोडून द्यायची. चालतं ना? मग झालं. झाकण लावल्यावर आत कोण बघतंय. आम्ही सगळेच करायचो, आणि त्याला चोरी म्हणायचं आमच्या डोक्यातही यायचं नाही. त्याला आम्ही ‘साठा’ म्हणायचो.

ती केबल घडीवर दुमडून पांढरी पडली होती. आतल्या तारा तुटायला आलेल्या. माल सांडत होता तो इथं. सात सीड्या, कारंदवाडीचं ‘सावधान’, त्या आजीचा प्रश्न, सोमवारची निपाणीची जीप, सगळं त्या दुमडीतून गळत आलं होतं.

“सापडलं काय?” अण्णांनी विचारलं.

“लाइट कमी-जास्त होते ना,” मी म्हणालो. “त्यानं होतं कधी कधी.”

सगळे दुरुस्तीवाले हेच म्हणतात. मीही शंभरदा म्हटलं असेल. त्या दिवशी मात्र ते माझं मलाच ऐकू आलं.

मग अण्णांनी विचारलं, आणि आवाजात अशी काही आशा होती की आजही ती आठवली तर मला माझी लाज वाटते, “म्हणजे पोरीची काही चूक न्हाई म्हणतोस?”

केवढा सोपा प्रश्न होता. मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मान हलवली की पुढचा प्रश्न येणार, मग कुणाची? आणि माझ्या हातात ठिपका होता.

“तसं ठाम सांगता येत नाही,” मी म्हणालो.

मी पिशवीतून नवी केबल काढली, हो, होती माझ्याकडं, ‘साठ्या’तली, आणि घाईघाईनं बसवली. जुनी गुंडाळून खिशात घातली. मशिन सुरू करून त्या रस्त्याची नोंद पुसली आणि बंद करून पुन्हा सुरू केलं. डीएमए परत आला होता. मी कारंदवाडीचंच लग्न घेतलं आणि कोरी सीडी घातली. सात मिनिटं. लावून बघितली. आंतरपाट, मंगलाष्टका, ‘सावधान’, अक्षता पडल्या, आंतरपाट दूर झाला, नवरीनं हार घातला. कुठं अडकणं नाही.

मला वाटलं, सुटलो. काम झालं, पोरगीही सुटली, मीही सुटलो.

अण्णा पडद्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “तुझा हात लागला आणि पहिल्या झटक्यात निघाली बघ.”

“अहो, हाताचा काय संबंध—”

“लोक म्हणत्यात ते मी मानत नव्हतो. पण आता डोळ्यांनी बघितलं.” ते उठले. ऊन कलायला लागलं होतं. अण्णा दिवस मावळायच्या आत जेवायचे, आणि जेवताना मौन पाळायचे. वर्षानुवर्षांचं जैन व्रत होतं ते. घास घेताना बोलले तर ताट तिथंच सोडायचे. “मी जेवून येतो. तेवढ्यात कुलूप घालून ठेव. शब्द ठेव ‘पद्मावती’. चल गं, वाढ.”

ते आत गेले. त्रिशला मागं राहिली. तिनं वही उचलली, काही पानं मागं उलटली, माझ्यासमोर ठेवली, आणि वडिलांच्या मागं गेली.

मी बघितलं. तीच रकान्यांची ओळ, तेच नीट अक्षर.

‘२२ फेब्रु. उत्तमदादा आले. नवा ड्राइव्ह बसवला. खोक्यात नवी केबल होती ती पिशवीत ठेवली. पिशवीतली जुनी लावली, तिला लाल ठिपका आहे. मला वाटतं अशीच पद्धत असेल.’

खाली दुसऱ्या शाईनं, नंतर केव्हातरी लिहिलेलं : ‘तेव्हापासून उशीर. केबलमुळे असेल का? त्यांनाच विचारायचं. परस्पर अण्णांना सांगायचं नाही. गरिबाच्या पोटावर पाय नको.’

तिला माहीत होतं. झाकण उघडायच्या आधीपासून माहीत होतं. ‘एकदा मशिन बघा तरी’ म्हणाली तेव्हा ती मला संधी देत होती. मी शीळ घातली, पंगतीचा दाखला दिला, लाइटीवर ढकललं, आणि तिनं ते सगळं उभं राहून ऐकलं. वही अण्णांच्या हातात दिली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. ती तिनं माझ्यासमोर ठेवली होती.

कुलपाचा रकाना पडद्यावर उघडाच होता. अण्णांनी शब्द सांगितला तेव्हाच मी त्यात ‘पद्मा’पर्यंत लिहिलं होतं. ते तसंच सोडून मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

अण्णा पाटावर बसले होते. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडं बघितलं. त्रिशला तूप वाढत होती.

“अण्णा,” मी म्हणालो, “सीड्या माझ्यामुळं बिघडल्या.”

त्यांचा घास हातातच राहिला.

मी खिशातली केबल काढली आणि सगळं सांगितलं. नवी कुठं गेली, ठिपका कसला, उस्ताद काय म्हणायचा, मघाशी लाइटीचं नाव का घेतलं. आयुष्यात इतकं सलग बोललो नव्हतो, आणि समोरचा माणूस एका शब्दानं अडवत नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण अण्णांचं मौन होतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, घास तोंडात घातला, आणि चावत राहिले. मग दुसरा. मग आमटीचा भुरका. मी दारात उभा. त्रिशलानं भात वाढायला चमचा उचलला तेव्हा तो वाटीला लागून किणकिणला. अण्णांनी हातानं खूण करून निम्मा भात कमी केला. तो खाल्ला, ताटात पाणी ओतून ताट धुऊन प्यायले, उठले, मोरीत चूळ भरली, पंच्याला हात पुसले. त्या वीस मिनिटांत मघाशी न प्यालेला ताकाचा पेला मला आठवत राहिला.

“नवी केबल कुठं हाय?” हा त्यांचा पहिला शब्द.

“दूध संस्थेला विकली. त्यांच्या मशिनमध्ये लावली.”

“म्हणजे माझ्या लेकीची अब्रू दूध संस्थेत.” त्यांनी माझ्या हातातली केबल घेतली, अंगठ्यानं दुमड चाचपली, ठिपक्याकडं बघितलं. “तुझा बा माझ्या स्टुडिओचं दार करून गेलाय. अजून करकरत न्हाई.”

यावर मी रडलो. आता सांगायला हरकत नाही.

अण्णा लेकीकडं वळले. तिच्या तोंडाकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं. “चल,” ते म्हणाले. “तू कर एक सीडी. मी बघतो.”

त्रिशला खुर्चीवर बसली. मी कोपऱ्यात, अण्णा तिच्या मागं, हात पाठीशी बांधून. तिनं कोरी सीडी घातली, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून वहीत वेळ टिपली. पडद्यावरची निळी पट्टी सरकायला लागली. अण्णा पेंगले नाहीत. दोनदा त्यांचे ओठ हलले, णमोकार म्हणत असावेत. मीही देवाचं नाव घेत होतो, कारण केबल आता नवी होती, पण सीडी ती सीडीच, एखादी बिघडायची तशीही बिघडते, आणि ही बिघडली तर जगातल्या कुठल्याही खुलाशाचा उपयोग नव्हता.

साडेसात मिनिटांनी ट्रे बाहेर आला. तिनं सीडी लावली आणि थेट आंतरपाटावर नेली. ‘सावधान’. अक्षता पडल्या.

अण्णांनी डोळे पुसले, चष्मा परत लावला, आणि तरातरा दाराकडं गेले. स्टुलावर चढून त्यांनी ती माळ उतरवली. मला वाटलं, फेकून देणार. त्यांनी ती आणून माझ्या गळ्यात घातली.

“स्टँडापर्यंत काढायची न्हाई,” ते म्हणाले. “बाजारातनं जायचं. बोळानं न्हाई.”

“अण्णा, असू दे,” त्रिशला म्हणाली.

“तू गप. आणि ते कुलूप. घालायचंच ते. पार्ट्यांची पोरं येत्यात, मशिनला हात लावत्यात. शब्द तू ठेव. मला सांगू नको, माझ्या ध्यानात राहत न्हाई.”

आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मीही फिरवलं. आमच्या मागं कीबोर्डाची बटणं वाजली, आठ-दहा वेळा, थांबली, पुन्हा तितकीच वाजली.

मी बाजारातून निघालो. शनिवारची संध्याकाळ, भाजीवाले, रसवंती, माणसंच माणसं. सात सीड्या छातीवर खळखळ वाजत होत्या. “काय उत्तमराव, बोहल्यावर निघाला काय?” पहिल्यानं विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्यानं विचारलं, तेव्हाही. तिसरा कारंदवाडीचा होता. त्याला मी खरं सांगितलं, आणि मग पुढं जो विचारेल त्याला सांगत गेलो. मगदुमांच्या सीड्या माझ्या जुन्या केबलनं बिघडल्या, पोरीचा काही दोष नव्हता. स्टँड येईतो निम्म्या आष्ट्याला कळलं होतं, उरलेल्या निम्म्याला रात्रीपर्यंत कळलं. अण्णांनी मला शिक्षा केली, असंच मी बरीच वर्षं समजत होतो. त्यांनी दवंडी पिटली होती, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

सोमवारी निपाणीची जीप आली आणि रिकामी गेली. “लगीनसराई हाय, मशिन सोडून ती कशी येईल? संपली की बघू,” असं अण्णांनी त्यांना सांगितलं म्हणे. अण्णांची लगीनसराई पुढं कधी संपलीच नाही.

मी पहिल्यांदा दूध संस्थेत जाऊन त्या केबलचे पैसे परत केले, मग आठवतील त्या सगळ्या गिऱ्हाइकांकडच्या लाल ठिपक्याच्या केबली बदलल्या. दीड महिना लागला. ‘साठा’ संपला, उस्तादाशी बोलणं संपलं. पण ‘पद्मावती’चं मशिन शेवटपर्यंत माझ्याकडंच राहिलं. अण्णांनी दुसरा माणूस बोलावला नाही, आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. व्हिडिओ त्रिशलानं काढला, स्वतः खांद्यावर कॅमेरा घेऊन. महिन्याभरात सीडी घरी आली. बायको म्हणाली, लाव की, कुठं अडकते का बघू. मी पाकीट उघडलं. वर आमची दोघांची नावं, तारीख, शुभविवाह, सगळं सोनेरी छापलेलं. आत, सीडीच्या कडेला, त्याच नीट अक्षरात पेनानं एक ओळ होती.

‘सुरुवात ४.१०, शेवट ४.१७. केबल नवी.’